नुसतं गरम असं काही नसतं

आमच्या भावोजींनी उभ्या आयुष्यात कुठलीही वस्तू नुसती गरम आहे असं कधी मान्य केलं नाही. तुम्ही-आम्ही चहाचा कप तोंडाला लावतो, जीभ भाजते, 'गरम आहे हो' म्हणतो आणि चहा बशीत ओततो. आपलं प्रकरण तिथे संपतं, भावोजींचं तिथून सुरू होतं. गरम म्हणजे किती, कधीपासून, कुठल्या बाजूने, आणि अजून थोडं तापलं तर कप, बशी आणि पिणारा यांतलं आधी कोण तडकेल, एवढी चौकशी झाल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घोट उतरत नसे. "नुसतं गरम असं काही नसतं," असं ते शांतपणे सांगायचे, आणि सांगून होईपर्यंत चहा गार झालेला असायचा. रत्नागिरीत माझं औषधांचं दुकान आहे. माझ्या दुकानातून सर्वांत जास्त थर्मामीटर ज्या घरात गेले त्या घरात कधी कोणाला ताप नव्हता, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगेन. ते घर माझ्या थोरल्या बहिणीचं. काचेचे थर्मामीटर माणसांसाठी असतात, कुळथाच्या पिठल्यासाठी नसतात, असं मी भावोजींना एकदा भीत भीत सुचवलं होतं. त्यावर त्यांनी फुटलेली काच माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "शालकबुवा, तुमच्या मालाला उष्मास्थैर्य नाही."

हा शब्द त्यांच्या नोकरीतला. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी सारी हयात वस्तू तापवण्यात घालवली. प्लास्टिक, रबर, चिनी माती, विजेच्या तारांची वेष्टनं, मोबाइलचे सेल, जे हाताशी येईल ते भट्टीत घालायचं, हळूहळू तापवत न्यायचं आणि ते कुठल्या क्षणी हात टेकतं ते बघायचं. जे उशिरा हात टेकतं त्याला उष्मास्थैर्य जास्त. पण त्यांचा खरा जीव होता तो हात टेकण्याआधीच्या घटकेवर. त्यांचं म्हणणं असं, की कुठलीही वस्तू पेट घेण्याआधी कुरकुर करते. तिचा रंग पालटतो, वास बदलतो, तिच्यातून जाणारी वीज अडखळते. ही कुरकुर ज्याला ऐकू येते तो सेन्सर. "आग कधी अचानक लागत नाही," ते म्हणायचे, "लोक अचानक बघतात." दोन वेगळ्या धातूंच्या बारीक तारा टोकाशी जोडलेल्या, टोक तापलं की तारांमधून चिमूटभर वीज निघते आणि ती डब्यातल्या यंत्राला जाऊन चहाडी करते, असे चहाडखोर तुकडे त्यांनी जन्मभर बनवले. निवृत्त झाल्यावर ते तुकडे, एक छोटी भट्टी आणि माझी बहीण एवढं सामान घेऊन ते आपल्या गावी राहायला आले. आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्याच्या वर, सड्यावर त्यांचं गाव. सडा म्हणजे उघडा जांभा दगड, एप्रिलात त्यावर अनवाणी उभं राहून दाखवावं. भावोजींना स्वर्ग हाती लागल्यासारखं झालं. त्यांनी लगेच जांभा दळून त्याचा आगीला न भिणारा लेप करायला घेतला. दळायला ताईचा मिक्सर घेतला. त्या घरची खोबऱ्याची चटणी पुढे कितीतरी दिवस तांबडी होती आणि पाहुणे तिला सुक्या मिरचीची समजून मागून मागून खात होते.

माणसांनाही ते याच काट्यावर तोलत. गावातला एखादा भला गृहस्थ त्यांना विचारायला यायचा, की अमक्याच्या मुलाबरोबर काजूचा धंदा करावा का. भावोजी डोळे मिटून म्हणायचे, "मुलगा प्रामाणिक आहे. पण उष्मास्थैर्य नाही." स्वतःच्या जावयाला त्यांनी बघायच्या कार्यक्रमात भर दुपारी अंगणातल्या चिऱ्यावर बसवून सरबताऐवजी कढत चहा दिला होता आणि त्याच्या कपाळाकडे ते इतक्या टक लावून बघत होते, की मुलाच्या आईला वाटलं यांना भविष्य कळतं. मुलगा खेडचा होता. उन्हाळ्यात खेडला वाढलेला माणूस ही आधीच भाजून काढलेली वीट असते. तो हसत हसत दुसरा कप प्यायला आणि पास झाला. एकट्या ताईच्या बाबतीत त्यांचं शास्त्र चाचपडत असे. ती कधी तापेल याचा अंदाज त्यांना अजून लागलेला नाही. ताटातल्या भातात तार खुपसून ते आकडा यायची वाट बघत बसले, की ती पळी आपटून म्हणायची, "जेवायचंय की पंचनामा करायचाय?" मग ते माझ्याकडे वळून हळूच सांगायचे, "बघ, आधी कुरकुर झालीच नाही."

निवृत्तीनंतरचा त्यांचा सर्वांत मोठा शोध म्हणजे तापमानाबरोबर रंग बदलणारा रंग. भिंत फार तापली तर ती आपणहून सांगेल, या विचाराने त्यांनी तो अख्ख्या घराला बाहेरून फासला. सकाळी घर हिरवं असायचं, दहाच्या सुमारास पोपटी व्हायचं, दुपारी गुलाबी आणि सूर्य पश्चिमेला कलला की एक बाजू गुलाबी आणि एक हिरवी. शास्त्र म्हणून ते उत्तमच होतं, पत्ता म्हणून फार वाईट. कुरियरवाला फोनवर विचारायचा, "साहेब, ते हिरवं घर म्हणतात ते कुठे आलं?" भावोजी उलट विचारायचे, "किती वाजलेत?" आणि एक वाजला म्हटल्यावर म्हणायचे, "मग गुलाबी शोधा." तो बिचारा खालच्या आळीत सगळीकडे फिरून आमच्या दुकानात पार्सल टाकून जायचा. दूध घालायला येणारी बाई पहाटेची येत असे, तिने ते घर कधी गुलाबी पाहिलंच नव्हतं. ती आणि दुपारी मासे विकायला येणारी बाई यांच्यात एकदा विहिरीवर या घराच्या रंगावरून जे भांडण झालं, ते मिटवायला तात्यांना बोलवावं लागलं.

हे तात्या म्हणजे गावचे मुख्य मानकरी. ग्रामदेवतेचं जे काही असेल ते तात्यांच्या शब्दावर चालतं. भावोजी आणि तात्या लहानपणी एका बाकावर होते, त्यामुळे तात्यांना भावोजींविषयी प्रेम होतं, आणि प्रेमापोटी ते बरंच सोसत होते. पण भावोजींचे सायरन त्यांनाही झेपेनात. माणूस झोपेतून उठून बसला पाहिजे, या हिशेबाने भावोजींनी प्रत्येक सेन्सरला सायरन जोडला होता आणि तो असा ठणाणा करायचा की खालच्या रस्त्यावरची एसटी थांबायची. लाकडांच्या खोपीतला सायरन पहिल्यांदा वाजला तेव्हा सगळी वाडी बादल्या घेऊन धावली, खोपीवर पाणी ओतलं आणि आतून चिंब भिजलेली एक खुडूक कोंबडी बाहेर आली. ती नेमकी सेन्सरवर उबवायला बसली होती. कोंबडी तात्यांची. तिने त्यानंतर अंडं दिलं नाही असं तात्यांचं म्हणणं आहे. पुढे सत्यनारायणाला धुपाने माजघरातला सायरन वाजला आणि भटजी कथा साधुवाण्याच्या बुडालेल्या नावेपाशी सोडून जे अंगणात पळाले, ते प्रसादालाच परत आले. आणि आंब्यांच्या दिवसांत ताईने पेंढ्यात घातलेल्या हापूसच्या आढीला पिकताना ऊब धरली, जी धरायलाच हवी, तेव्हा पुन्हा गाव धावला आणि आढीवर पाणी पडलं. त्या आंब्यांची ताई अजून आठवण काढते, आणि काढते तेव्हा भावोजी भट्टीकडे जाऊन काहीतरी तपासत बसतात.

या साऱ्यात वाळूचं सांगायचं राहिलं. सेलची आग पाण्याला जुमानत नाही, ती वाळूखाली कोंडून घालायची, असा त्यांचा सिद्धांत. त्यासाठी आरे-वारेच्या वाळूच्या बादल्या त्यांनी घरभर मांडल्या होत्या. त्या घरात पाहुण्याला पाणी मिळायला वेळ लागायचा, वाळू लगेच मिळायची. मी विजेवर चालणारी स्कूटर घेतली आणि मोठ्या हौसेने ताईला दाखवायला नेली, तर भावोजींनी तिला कुंपणाच्या आत येऊ दिलं नाही. बाहेर फणसाखाली उभी करायला लावली, तिच्याभोवती तीन बाजूंनी वाळूच्या बादल्या ठेवल्या आणि मी चहा पीत असताना ते खिडकीतून तिच्याकडे असे बघत होते, जणू मी वाघच बांधून आणलाय. निघताना म्हणाले, "गाडी चांगली आहे. फक्त तिची झोप मोडू नकोस."

आता एवढ्या शास्त्री माणसाला हवं काय होतं म्हणाल, तर पालखीचा खांदा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी निघते, घरोघर जाते आणि सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यासमोर, ढोलताशावर खांद्यावर घेऊन नाचवली जाते. खांदा कोणी द्यायचा हे घराण्यांनुसार ठरलेलं. भावोजींच्या घराला तो मान होता. पण ते पुण्याला वस्तू तापवत राहिले, त्यांचे वडील गेले आणि खांदा शेजारच्या घराकडे गेला. परत आल्यापासून दर वर्षी गावच्या बैठकीत ते तो मागायचे. इतर वेळी अवघड शब्दांत बोलणारा हा माणूस तिथे शाळकरी पोरासारखा उभा राहायचा. मला एकदा म्हणाले, "वडिलांच्या खांद्याला पालखीच्या दांड्याचा घट्टा होता रे. लहानपणी मी त्यावर हात फिरवायचो. माझ्या खांद्याला काय आहे, ऑफिसच्या बॅगेचा पट्टा." त्या दिवशी मला त्यांची थट्टा करवली नाही. गावात घर असून आपण गावचे नाही, हे दुःख त्यांना कुठल्याही आकड्यात मांडता येत नव्हतं. तात्या नाही म्हणायचे नाहीत. "तुमचा मान कुटं जात नाय," ते सांगायचे. "ठेवलाय आमी जपून. पन तुमच्या घरातला ठणाना आदी कमी होऊं दे. लोकां बोलतात."

त्या वर्षी चाकरमान्यांनी मुंबईहून पालखीसाठी रंगीत दिवे आणले. दिव्यांच्या माळा, त्या लुकलुकणार, आणि त्यांना वीज पुरवायला लिथियमच्या सेलचा एक गठ्ठा. तो गठ्ठा प्लास्टिकमध्ये बांधून, वर मखमल गुंडाळून देवीच्या गादीखाली बसवला होता. भावोजींनी तो बैठकीत पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. हवा जायला जागा नाही, भर उन्हात मिरवायचा, वर नाचवायचा. ते तात्यांना म्हणाले, "हे काढा." मुंबईची मंडळी चिडली. त्यांनी हौसेने आणलेलं. कोंबडीचा विषय निघाला, आढीचा निघाला, भटजींचाही निघाला. शेवटी तात्यांनी निवाडा केला. "दिवे ऱ्हातील. तुमचा यंत्रसुद्दा लावा. ह्या वर्साला खांदा पन तुमचा. पन ऐका, देवीच्या पालखीत ता उगाच वराडला, तर यंत्र काढायचा आनि खांदा कायमचा शेजारच्या घराकडं. मग परत मागायचा नाय."

भावोजींनी मान डोलावली. घरी आल्यावर ताईने कपाळाला हात लावला. "एक वर्ष ती तार लावू नका. खांदा द्या, नाचा आणि घरी या. बॅटरी तुमची नाही." भावोजींनी हातातली तार बोटांनी सरळ केली. मग म्हणाले, "बॅटरी माझी नाही. पण तिच्याखाली सगळे आपलेच खांदे आहेत." ताईने उठून त्यांचं नवं धोतर काढून ठेवलं.

पालखीच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेलो होतो. उन्हाने सडा पांढरा पडला होता, आणि त्या उन्हात पालखीचे रंगीत दिवे लागले होते, जे कोणालाही दिसत नव्हते. सहाणेवर ढोल सुरू झाले. तात्यांनी खूण केली आणि भावोजी पुढे झाले. धोतर, नवी बंडी, खांद्यावर दुमडलेला टॉवेल. त्यांनी दांडा खांद्यावर घेतला. मी आजवर पाहिलेलं ते सर्वांत वाईट नाचणं. ढोलाच्या मागे ते अर्धा ठोका होते, आणि इतर खांदेकरी उजवीकडे झुकले की ते डावीकडे. पण चेहरा असा उजळला होता, की ताई ओटीचं ताट हातात धरून हसत होती आणि डोळेही पुसत होती. त्याच वेळी देवीच्या गादीखालून सायरन वाजला.

आता शिमगा म्हणजे बोंब मारायचा सण. बोंब मारणाऱ्याला कोणी हटकत नाही, न मारणाऱ्याकडे मात्र संशयाने बघतात. सायरन ऐकून लोकांना वाटलं मुंबईवाल्यांनी दिव्यांबरोबर आवाजही बसवलाय. सगळ्यांनी तोंडावर हात नेला आणि सायरनच्या वरताण बोंब ठोकली. ताशेवाल्यांनी त्याचा ठेका पकडला. भावोजी ओरडायला लागले, "थांबवा, थांबवा." कधी न ओरडणारा माणूस ओरडतोय म्हटल्यावर गावाला आनंदाचं भरतं आलं आणि पालखी आणखी उंच उडायला लागली. पालखी खाली ठेवावी तर तीही सोय नव्हती. नाचवून होईपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही, टेकली तर देवीचा अपमान. हे भावोजींना पाळण्यापासून माहीत होतं. त्यांच्या कानाशी सायरन बोंबलत होता, आणि दांडा त्यांच्या खांद्यावर होता. मी बघत होतो. त्यांनी एकदा दांड्यावर गाल टेकवला, आणि खांदा सोडला.

त्यांची जागा लगेच दुसऱ्याने घेतली, अशा जागा रिकाम्या राहत नाहीत. भावोजी नाचत्या पालखीखाली शिरले, दोन्ही हात वर घालून त्यांनी गादीखालचा गठ्ठा ओढून काढला आणि पळत सुटले. गठ्ठ्यातून फुसफुस आवाज येत होता, मखमलीतून धूर निघत होता, तारेला लोंबकळणारा सायरन त्यांच्या गुडघ्यांवर आपटत ठणाणा करत होता, धोतराचा सोगा मागे फरफटत होता आणि ते जिवाच्या आकांताने ओरडत होते, "वाट सोडा! वाळू! मला वाळू द्या!"

वाट सुटली. कोणीतरी बाई म्हणाली, "आला गो बाय, वारा आला." म्हणजे देवी अंगात आली. झालं. माणसं हात जोडून दोन्ही बाजूंना सरकली. गुरवाने धावत येऊन भावोजींच्या कपाळाला अंगारा फासला, तो अर्धा डोळ्यात गेला. शाळेच्या कुंपणाचं काम चालू होतं, तिथे वाळूचा ढीग होता. भावोजी त्या ढिगात गुडघ्यांवर कोसळले, गठ्ठा आत खुपसला आणि नुसत्या हातांनी वर वाळू ओढत राहिले. आत भस्सकन आवाज झाला. ढीग हलला आणि त्यातून काळा धूर वर आला. जमिनीतून धूर निघालेला पाहून अख्खा गाव आडवा झाला. एकटा सायरन तेवढा वाजत होता, मग तोही बसला.

तात्या पुढे आले, टोपी काढली आणि हात जोडून विचारलं, "आई, काय चूक झाली काय आमच्याकडनं?"

भावोजी धापा टाकत होते. समोर कोण आहे हे अंगाऱ्याने त्यांना दिसत नव्हतं. ते म्हणाले, "चूक झालीच. सांगत होतो ना मी. ते दिवे काढा. आणि वाळू जवळ ठेवत जा. कायम."

"ठेवू आई," तात्या म्हणाले.

मागून एक म्हातारी सरसावली आणि तिने विचारलं, की मुंबईला तिचा नातू नोकरीवाचून बसलाय, त्याचं कधी होईल. भावोजी तशा अवस्थेतही प्रश्न डावलणारे नव्हेत. म्हणाले, "त्याला म्हणावं, फोन चार्जिंगला लावून उशाशी घेऊन झोपू नकोस." म्हातारीने ते मुंबईला कळवलं. नातवाने फोन उशाखालून काढला आणि त्याला नोकरी लागली. मी यावर काही बोलत नाही.

पुढचे कितीतरी दिवस भावोजी जळका गठ्ठा पिशवीत घालून घरोघर फिरत होते. आतले पापुद्रे कसे आदळून एकमेकांना चिकटले, उन्हाने त्यात कशी भर घातली आणि सेन्सरने ते कसं वेळेवर ओळखलं, हे ते प्रत्येक ओटीवर बसून समजावून सांगायचे. लोक हात जोडून ऐकायचे आणि शेवटी गठ्ठ्याला हळदकुंकू वाहायचे. तात्यांच्या घरी त्यांनी अगदी निकराने सांगितलं, "माझ्या अंगात काही आलं नव्हतं. सेल तापला होता." तात्या प्रेमाने म्हणाले, "ज्याच्या अंगात येता त्याला मागून काय आटवत नाय." "अहो, मला सगळं आठवतंय." "तीच तर आईची किरपा," तात्या म्हणाले आणि त्यांनी भावोजींच्या पायाला हात लावला. बाकावरच्या मित्राने पायाला हात लावल्यावर भावोजींनी गठ्ठा परत पिशवीत घातला. जन्मात एकदा त्यांचा सायरन खरा वाजला, आणि त्याचं श्रेय देवीला गेलं.

आता दर शिमग्याला पालखीपुढे तांब्याच्या कळशीतून आरे-वारेची वाळू निघते. देवीने मागितली म्हणून. घराघरातून बायका त्यात चिमूट चिमूट वाळू घालतात, घरातही एक भांडं भरून ठेवतात, आणि आमच्या तालुक्यात आगीच्या बाबतीत इतकं सज्ज गाव दुसरं नसेल. कळशी धरायचा मान भावोजींचा. दिवे गेले, त्यामुळे सेन्सरही गेला. आणि खांदाही गेला. कारण ज्याच्या अंगात देवी येते त्याने पालखी उचलायची नसते, त्याने पुढे चालायचं असतं. हा नियम तात्यांनी त्यांना फार आदराने सांगितला. भावोजी कळशी घेऊन पुढे चालतात, ढोल वाजायला लागले की मागे वळून पालखीकडे बघतात, आणि त्यांचा एक पाय अजून अर्धा ठोका उशिरा हलतो. लोकांना वाटतं, आता वारं येणार.

पण मला सारखी आठवते ती त्या पालखीच्या दिवसाची संध्याकाळ. घर परत हिरवं व्हायला लागलं होतं. दोन्ही तळव्यांना फोड आले होते, मी दुकानातून मलम आणि पट्ट्या घेऊन आलो होतो आणि ताई ओटीवर बसून त्यांचे हात मांडीवर घेऊन मलम लावत होती. भावोजींनी मला जवळ बोलावलं आणि बंडी खांद्यावरून सरकवत विचारलं, "वळ उठलाय का बघ रे." मी बघितलं. जरासं तांबूस झालं होतं, सकाळपर्यंत राहिलं नसतं. मी म्हटलं, "चांगला उठलाय." ते समाधानाने मान हलवत राहिले.

पट्टी बांधता बांधता ताईने खाली बघतच विचारलं, "किती होतं हो?"

इतक्या वर्षांच्या संसारात तिने हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा विचारला. भट्टीचे, भाताचे, भिंतीचे, जावयाच्या कपाळाचे आकडे त्यांनी तिला न विचारता ऐकवले होते, आणि आता ती स्वतः विचारत होती. यंत्रात आकडा टिपलेला असणार, यंत्र समोरच पडलं होतं. भावोजींनी यंत्राकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या आपल्या हातांकडे बघितलं.

"गरम होतं," ते म्हणाले.

ताई आकड्याची वाट बघत थांबली. तो आला नाही. मग तिने आतून चहा आणला, बशीत ओतला, त्यावर फुंकर घातली आणि बशी त्यांच्या ओठांना लावली. भावोजींनी काहीही न विचारता तो चहा पिऊन टाकला.